उपाशी मासा आणि पहिला घास

मत्स्यशेती : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे. खाद्य बंद ठेवलं तर माशाचं नेमकं काय होतं आणि पुन्हा सुरू करताना हात किती सैल सोडायचा? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अस्तर टाकलेलं शेततळं आहे, पाणी साधारण १५ लाख लिटर. रोहू-कटला मिळून २,००० मासे, सरासरी ३०० ग्रॅमचे. रोज १५ किलो तरंगतं खाद्य जायचं. गाडी रखडल्याने १२ दिवस काहीच घालता आलं नाही. माल आल्यावर भरपाई म्हणून पहिल्याच दिवशी ३० किलो टाकलं. निम्मं तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. बारा दिवसांचा उपाशी मासा खात का नाही? (शेततळेधारक, इंदापूर)

उत्तर : कारण बारा दिवसांत त्याची भूक वाढली, पण आतडं आक्रसलं.

मासा उपाशी राहिला की पहिला दिवस आतड्यात उरलेल्या मालावर निघतो. मग यकृतातला साठा आणि आतड्याभोवतीची चरबी वापरली जाते, आणि त्यानंतर पाठीच्या पांढऱ्या मांसातलं प्रथिन. हे टप्पे अगदी कप्पेबंद नसतात. सायप्रिनससारखा (कॉमन कार्प) मासा तर यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बराच काळ राखून ठेवतो आणि गरजेची साखर प्रथिनांतून बनवतो. मेंदू, हृदय आणि सतत पोहायला लागणारे लाल स्नायू शेवटपर्यंत सांभाळले जातात. आतड्याला मात्र ही सवलत नाही. काम नसलेलं आतडं पोसायला महाग पडतं, म्हणून त्याच्या आतल्या घड्या आखूड होतात, भिंत पातळ होते, पाचक रस कमी होतात. त्यातून रोहू-कटल्याला जठरच नसतं. घास साठवायला कोठार नाही, खाल्लेलं सरळ आतड्यात उतरतं. अशा आतड्यात एकदम दुप्पट माल लोटला तर तो अर्धाकच्चा बाहेर पडतो. काठाशी विष्ठेत कांडीचा भरडा ओळखू येत असेल तर हेच चाललंय असं समजा.

आता पहाटेचं. तुमच्या १५ लाख लिटर पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला धरला, तर सगळ्या तळ्याचा मिळून साठा होतो साडेसात किलो. न खाल्लेलं एक किलो खाद्य पूर्ण सडायला एक किलोच्या आसपास प्राणवायू ओढतं. तुमचं १५ किलो पाण्यात राहिलं. ते एका रात्रीत सडत नाही, दोन-चार दिवस घेतं, पण हिशोब कुठे जातो ते दिसतंच आहे. शिवाय ज्या माशांनी खाल्लं, त्यांची प्राणवायूची गरज पचन चालू असताना जवळजवळ दुप्पट होते. शेवाळ रात्री प्राणवायू सोडत नाही, उलट वापरतं. म्हणून तोटा पहाटे उघडा पडतो.

दुसरा मार अमोनियाचा. ३० किलो खाद्यात २८ टक्के प्रथिन असेल तर त्यात सुमारे १.३ किलो नत्र येतं. त्यातलं ६० टक्के जरी अमोनिया होऊन पाण्यात आलं तरी लिटरला अर्धा मिलिग्रॅमची भर पडते. हे सामू (पीएच) ८ असताना फारसं भयंकर नाही, कारण ३० अंश तापमानाला त्यातला जेमतेम ७-८ टक्के भाग विषारी रूपात असतो. पण हिरव्यागार शेततळ्यात दुपारी सामू ९ वर जातो आणि तोच भाग ४५ टक्क्यांच्या घरात पोचतो. म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त विषारी अमोनिया. कल्ले चिडायला एवढा पुरे. सकाळी सामू मोजून निश्चिंत होणारे इथेच फसतात. तो दुपारी तीन-चारला मोजायचा असतो.

आत्ता करायचं ते असं. वाऱ्याने एका कोपऱ्यात जमलेलं खाद्य बारीक जाळीने काढून घ्या. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा. रात्री दहापासून सूर्य वर येईपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. एरेटर नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवारा. त्यानंतर पाग (फेकजाळं) टाकून निदान ३० मासे तोला आणि सरासरी काढा. जुन्या वजनावर टक्के लावू नका. समजा सरासरी २८० ग्रॅम भरली, तर एकूण माल झाला ५६० किलो. पहिले दोन दिवस त्याच्या अर्धा टक्का, म्हणजे रोज पावणेतीन-तीन किलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक टक्का, साडेपाच किलो. पाचव्या-सहाव्या दिवशी दीड टक्का, साडेआठ किलो. सातव्या दिवसापासून दोन टक्के, ११ किलो. दहाव्या दिवशी पुन्हा तोलून मग अडीच टक्क्यांचा विचार करा. रोजचा माल एकदम टाकायचा नाही. सकाळी दहा, दुपारी एक आणि चार अशा तीन वेळा, आणि वेगवेगळ्या दोन-तीन जागी. एकाच जागी टाकलं तर दांडगे मासे ती जागा धरून बसतात आणि बारके उपाशी ते उपाशीच राहतात. वीस मिनिटांनी खाद्य शिल्लक दिसलं तर पुढची वेळ चुकवा, पुढची पायरीही एक दिवस लांबवा.

एक फसगत आधीच सांगून ठेवतो. खाद्य सुरू केल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत वजन झपाट्याने वाढल्यासारखं वाटेल. त्यातलं बरंचसं भरलेलं आतडं आणि पुन्हा साठलेलं ग्लायकोजेन असतं, आणि ग्लायकोजेन स्वतःबरोबर पाणीही धरून ठेवतं. याउलट उपासात मांसातली चरबी आणि प्रथिन कमी होत जातं तसं त्यांच्या जागी पाण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे मासा खराखुरा जितका झिजतो तितका काट्यावर झिजलेला दिसत नाही. दोन्ही बाजूंनी काटा खोटं बोलतो. म्हणून चार-पाच मासे फाडून बघण्याची सवय लावा. यकृत आणि आतड्याभोवतीची चरबी काय सांगते ते पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : उजनीत पिंजऱ्यात तिलापिया आहे. मासा काही दिवस उपाशी ठेवून मग पोटभर घातला तर दुप्पट वेगाने वाढून मागची कसर भरून काढतो, खाद्य फुकट वाचतं, असं ऐकलं. दिवसाआड खाद्य द्यावं का? (पिंजरा मत्स्यपालक, भिगवण परिसर)

उत्तर : कसर भरून काढतो हे खरं, खाद्य फुकट वाचतं हे खरं नाही.

भरपाईच्या वाढीमागचं शरीरशास्त्र मोठं मजेशीर आहे. उपासात माशाच्या रक्तातलं वाढीचं संप्रेरक कमी होत नाही, बहुधा वाढतंच. पण यकृत त्याला दाद देईनासं होतं. एरवी यकृत त्या हुकमावरून आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक सोडतं, आणि हाडा-मांसाची खरी वाढ त्याच्यावर चालते. उपासात आयजीएफ-१ खाली येतं, वाढ थांबते आणि मोकळं राहिलेलं वाढीचं संप्रेरक चरबी वितळवण्याच्या कामाला लागतं. इन्सुलिन उतरतं. हालचाल मंदावते, बसल्याजागचा खर्च घटतो. खाद्य परत आलं की यकृत पुन्हा हुकूम ऐकू लागतं आणि आयजीएफ-१ चढतं, पण काटकसरीची सवय लगेच सुटत नाही आणि भूक तर नेहमीपेक्षा जास्त असते. खर्च कमी नि आवक जास्त, म्हणून काही काळ वाढ जोरात दिसते. मात्र मासा कसर भरतो ती मुख्यतः जास्त खाऊन. वाचलेलं खाद्य पुढच्या आठवड्यांत तो वसूल करतो. थोडा फायदा होतो तो खाद्य अंगी लागण्यात, आणि तोसुद्धा प्रत्येक वेळी मिळत नाही. उपास लांबला तर कसर अर्धवटच भरली जाते.

दिवसाआडच्या खाद्याचा गाजलेला यशस्वी अनुभव फिलिपिन्समधला आहे. तिथे नाइल तिलापियाला दिवसाआड खाद्य देऊनही उत्पादनात लक्षणीय घट आली नाही आणि खाद्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. पण ते मातीचं, खत दिलेलं, हिरव्या पाण्याचं तळं होतं. सुट्टीच्या दिवशी मासा तिथे शेवाळ आणि तळाचं बारीक जिवाणू-प्राण्यांचं जेवण जेवत होता. उपास नावालाच होता. तुमच्या पिंजऱ्यात त्याला काय मिळतं? जाळीवर साचलेलं थोडं शेवाळ. तेव्हा तो अनुभव उचलून पिंजऱ्याला लावू नका.

पिंजऱ्यात दुसरं दुखणं असतं ते वजनातल्या तफावतीचं. भुकेल्या कळपात खाद्य पडलं की पहिल्या मिनिटाला दांडगे मासे पोट भरून घेतात. महिन्या-दीड महिन्यात एकाच पिंजऱ्यात १५० आणि ४०० ग्रॅमचे मासे दिसू लागतात, आणि व्यापारी भाव लावतो तो लहान मालावरून.

आमचं मत असं : आठवड्यातून एक दिवस खाद्य बंद ठेवायला हरकत नाही. जाळी धुणं, मेलेले मासे काढणं ही कामं त्या दिवशी उरका. दुसऱ्या दिवशी नेहमीचाच माल घाला, 'कालचं राहिलंय' म्हणून वाढवू नका. वाढवलंत तर बचत तिथेच संपली. सलग तीन दिवसांपुढचा उपास खाद्य वाचवण्यासाठी म्हणून करू नये. आणि ५० ग्रॅमखालच्या तिलापियाला एक दिवससुद्धा नको. लहान माशाचा दर ग्रॅममागचा खर्च मोठ्यापेक्षा बराच जास्त असतो आणि अंगावर चरबी जवळपास नसतेच.

तरी करून बघायचं असेल तर सगळ्या पिंजऱ्यांवर नको. एकाच दिवशी, एकाच बीजातून, सारख्या संख्येने भरलेले चार पिंजरे घ्या. दोनांत रोज खाद्य, दोनांत ठरवलेला खंड. सुरुवातीला प्रत्येकातले १०० मासे सुटे सुटे तोला, सरासरी नको. साठ दिवसांनी पुन्हा १००. एक किलो वाढीला किती खाद्य गेलं, मेले किती, आणि १०० माशांत लहान-मोठ्यातलं अंतर किती वाढलं, या तिन्ही गोष्टी मांडा. तोलायच्या आदल्या दिवशी दोन्ही गटांना खाद्य बंद. नाही तर एका गटाचं आतडं भरलेलं आणि दुसऱ्याचं रिकामं, आणि फरक निघेल तो शेणाचा.

प्रश्न : काढणीआधी एक दिवस खाद्य बंद ठेवायला सांगतात. त्याने वजन घटतं, तोटा आमचाच. खरंच गरज आहे का? (सांगली)

उत्तर : आहे. वजन घटतं ते मुख्यतः आतड्यातल्या मालाचं, आणि तोच माल पुढे व्यापाऱ्याकडे तुमचं नाव खराब करतो. मासा मेल्यावर आतड्यातले पाचक रस थांबत नाहीत. भरल्या आतड्यात ते जोरात असतात, पोटाची भिंत आतून मऊ करतात, जिवाणूंना वाट मिळते. बर्फात ठेवूनही दुसऱ्या दिवशी पोट फुटलेला मासा दिसतो तो बहुधा असा. शिवाय ओढजाळात कोंडल्यावर भरल्या पोटाचा मासा विष्ठा टाकतो, प्राणवायू जास्त मागतो आणि जाळातच मरतो.

पाणी २८-३० अंश असेल तर २४ तास पुरतात. हिवाळ्यात पाणी २० अंशांच्या आसपास असलं तर ३६ ते ४८ तास द्या. त्यापुढे आतडं आणखी रिकामं होत नाही, नुसतं मांस झिजतं. 'दोन दिवस आणखी थांबू, भाव चढेल' म्हणत मासा उपाशी ठेवणं हा मात्र खरा तोटा.

पुरेसा उपास झाला का, ते तीन मासे फाडून कळतं. पोट उघडलं की यकृताला चिकटलेली पित्ताची पिशवी शोधा. पित्त जेवणावर सुटतं. जेवण आलं नाही की ते पिशवीत साठत नि आटत जातं. रोज खाणाऱ्या माशाची पिशवी लहान, ढिली, पिवळसर-हिरवट असते. दिवस-दोन दिवसांच्या उपाशी माशाची टम्म फुगलेली आणि गडद हिरवी. आठवडाभर उपाशी असेल तर जवळजवळ निळी-काळी दिसते. बीज किंवा मोठा मासा विकत घेतानाही ही खूण कामी येते. विकणारा 'रोज खाद्य चालू आहे' म्हणाला तरी पित्त खोटं बोलत नाही. फाडताना पिशवी फुटू देऊ नका, मांस कडू होतं.

पित्ताबरोबर यकृतही तोला. यकृताचं वजन भागिले माशाचं वजन गुणिले १००. हा आकडा स्वतःच्या तळ्यातल्या नीट खाणाऱ्या माशाचा एकदा काढून वहीत लिहून ठेवा. पुढे तुलना त्याच्याशी करायची. उपासात तो खाली येतो, यकृत लहान आणि गडद दिसतं. उपासानंतर एकदम मुसंडी मारून खाल्लेल्या माशात उलटं होतं : यकृत फुगतं, फिकट पडतं, बोटाने दाबलं तर लोण्यासारखं लागतं. आतड्याभोवतीची पांढरी चरबी मात्र सगळ्यात उशिरा परत येते. ती दिसू लागली म्हणजे मासा खऱ्या अर्थाने सावरला.

प्रश्न : मालगुजारी तलावासाठी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) लांबून आणतो. पिशवीत भरण्याआधी किती तास उपाशी ठेवायची? गेल्या खेपेला पिशव्या उघडेपर्यंत ठीक होती, उघडल्यावर तासाभरात मेली. (भंडारा)

उत्तर : बोटुकली २४ तास, त्याहून लहान बीज १० ते १२ तास. मत्स्यजिऱ्यांचा हिशोब वेगळा. अंड्यातून निघाल्यावर सुमारे तीन दिवस ते पिवळ्या बलकावर जगतात. बलक संपल्यावर त्यांना उपास झेपत नाही. एका मर्यादेपुढे समोर खाणं असूनही खाण्याची ताकद राहत नाही. त्यामुळे जिरे वेळेवर हलवणं हाच उपाय.

बोटुकली हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) दाटीने ठेवा, वरून पाणी शिंपडत राहा. दाटीची सवयही होते आणि पोटही रिकामं होतं. तपासायला वीस नग पांढऱ्या बादलीत अर्धा तास ठेवा. तळाला विष्ठेचे धागे दिसले तर अजून थांबा. पण दोन दिवसांपुढे हाप्यात ठेवू नका, ती एकमेकांचे पर कुरतडतात आणि अशक्त होतात. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश प्राणवायू.

आता उघडल्यावर मेली त्याचं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कर्बवायू पाण्यात साठतो आणि सामू उतरतो. उतरलेल्या सामूत अमोनिया निरुपद्रवी रूपात दबून राहतो. पिशवी उघडली, हात घालून पाणी ढवळलं किंवा वर एरेटर लावला की कर्बवायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पोट रिकामं नसेल तर तो मुळातच जास्त असतो. म्हणून बंद पिशवी तलावाच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग उघडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या आणि पाच-दहा मिनिटांत मासे सोडून द्या. उघड्या पिशवीत ठेवून मोजत बसू नका. पिशवीतलं पाणी शक्यतो तलावात ओतू नका. खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्ध्या प्रमाणात.

प्रश्न : खारपट्ट्यात जिताडा ठेवलाय. एक दिवस खाद्य चुकलं आणि पिल्लं कमी झाली. मेलेली कुठे दिसत नाहीत. (पेण)

उत्तर : दिसणार नाहीत, ती भावंडांच्या पोटात आहेत. जिताड्याचं पिल्लू आपल्या दोन तृतीयांश लांबीपर्यंतचं भावंड गिळतं. रोहूला उपास घडला तर तो झिजतो, जिताड्याला घडला तर तो शेजाऱ्याला खातो. दहा सेंटिमीटरपर्यंतच्या पिल्लांना उपास अजिबात नको. दर पाच-सात दिवसांनी चाळणी लावून आकारवारी करा. खाद्य पोहोचणार नाही असं आधी कळलं तर खाद्य थांबण्याच्या आदल्या दिवशीच मोठी पिल्लं वेगळी काढा.

प्रश्न : थंडीत रोहू खातच नाही. उपाशी मरेल का? (निफाड)

उत्तर : नाही. पाणी दहा अंशांनी उतरलं की माशाचा खर्च साधारण निम्म्यावर येतो आणि भूक त्याहून जास्त उतरते. पाणी १८ अंशांखाली असताना जबरदस्तीने खाद्य टाकलं तर ते तळाला सडतं. २० च्या वर गेलं की दुपारी एकदाच, अर्धा ते एक टक्का, दहा मिनिटांत संपेल इतकंच. फेब्रुवारीत पाणी तापू लागलं की वर सांगितल्या पायऱ्यांनीच चढवा, एकदम नाही. अंड्यावर आणायच्या माद्यांच्या बाबतीत मात्र त्यानंतर खंड पाडू नका. अंडी भरत असताना उपास घडला तर मादी तीच अंडी मोडून शरीरात परत जिरवते.

प्रश्न : मासे आजारी पडले की खाद्य बंद करावं का? (नांदेड)

उत्तर : जिवाणूचा आजार दिसला तर खाद्य निम्म्यावर आणा किंवा दोन-तीन दिवस बंद ठेवा. अमेरिकेतल्या कॅटफिश तळ्यांत एडवर्डसिएला जिवाणूचा आजार आला की खाद्य थांबवणं किंवा दिवसाआड देणं ही रुळलेली पद्धत आहे. खाद्यावर झुंबड उडाली की निरोगी मासा आजाऱ्याच्या अंगाला लागतो आणि दूषित पाणी-विष्ठा तोंडावाटे आत घेतो. झुंबड टळली की लागण घटते. औषध खाद्यातून द्यायचं असेल तर मात्र उपास लांबवू नका, मासा खाणं सोडण्याआधीच मत्स्यतज्ज्ञाकडून तपासून घ्या. दोन आठवड्यांच्या पुढचा उपास प्रतिकारशक्तीच खाली आणतो, मग आधीचा आजार बरा होऊन दुसरा येतो.

प्रश्न : तीन दिवस सलग ढग आणि पाऊस. खाद्य टाकू का? (महाड)

उत्तर : नको. ऊन नाही म्हणजे शेवाळाकडून प्राणवायू नाही. तीन दिवस उपाशी राहून ३०० ग्रॅमच्या माशाचं काही बिघडत नाही. ऊन पडल्याच्या दिवशीही सकाळी लगेच नको. दुपारी दोननंतर, नेहमीच्या निम्मं.